दोन्हीकडे सरकणारा

मोबाइलचं परीक्षण फोन बाजारात आल्यावर पंधरवड्याच्या आत लिहायचं असतं. त्यानंतर लिहिलं तर त्याला वर्षश्राद्ध म्हणतात. हे माहीत असूनही मी नोकिया एन९५वर लिहायला बसलो आहे. हा फोन सप्टेंबर २००६मध्ये जाहीर झाला, मार्च २००७मध्ये दुकानांत आला, आणि त्याच्याबद्दल बरंवाईट जे काही बोलायचं ते लोकांनी तेव्हाच बोलून घेतलं. पण त्या परीक्षकांची एक अडचण होती. फोन त्यांच्या हातात होता, त्याचं पुढे काय होणार ते नव्हतं. मला ते आयतं मिळालं आहे. एवढ्या भांडवलावर थोडा शहाणपणा करायला हरकत नसावी.

फोन माझ्या आतेभावाचा. तेव्हा असला फोन घ्यायची ऐपत आमच्या भावंडांत त्याच्या एकट्याची होती. त्याच्या घरी गेलो की 'बघू रे जरा' म्हणून आम्ही तो हातात घ्यायचो आणि पहिल्यांदा एकच काम करायचो. वर सरकव, मिट, खाली सरकव, मिट. कॅमेरा, गाणी, नकाशे सगळं नंतर. 'अरे, ढिला होईल तो,' आतेभाऊ आतल्या खोलीतून ओरडायचा. परवा घर आवरताना त्यानंच तो माझ्या हवाली केला. आम्ही केला तेवढा ढिला झालाच आहे. कानाशी धरून हलवला तर वरचा थर किंचित डुलतो.

स्लायडर म्हणजे काय हे आता कॉलेजातल्या मुलांना सांगावं लागतं. शाळेत सरकत्या झाकणाची लाकडी पेन्सिलपेटी असायची, तिचाच हा शिकून मोठा झालेला भाऊ. वरच्या थरात पडदा, खालच्या थरात आकड्यांच्या कळा. मिटला की मुठीत मावेल असा, उघडला की कानापासून ओठांपर्यंत पुरेल असा. या जातीचा मूळ पुरुष नोकियाचाच, १९९६चा ८११०. तो केळ्यासारखा वाकडा होता आणि त्याचं झाकण खाली सरकायचं. १९९९च्या 'मेट्रिक्स'मध्ये तो दिसला आणि अजरामर झाला. सिनेमात बटण दाबलं की झाकण खटकन उडतं. खऱ्या ८११०मध्ये स्प्रिंगच नव्हती, झाकण हातानं ओढावं लागायचं. ती करामत सिनेमावाल्यांची. त्याच वर्षी आलेल्या ७११०मध्ये मात्र खरीखुरी स्प्रिंग होती. पुढे सॅमसंगचा डी५००, एलजीचा लाल कळांचा चॉकलेट, नोकियाचा ५३००, आणि कट्ट्याकट्ट्यावर दिसणारा सॅमसंगचा ई२५० असा गोतावळा वाढत गेला. त्यांची वंशावळ इथे लावत नाही.

एन९५ या गोतावळ्यात वेगळा, कारण तो दोन्हीकडे सरकतो. पडदा वर ढकला, खाली आकडे येतात. पडदा खाली ओढा, वरच्या बाजूला चार कळा दिसतात: गाणं चालू, बंद, मागे, पुढे. त्याबरोबर पडद्यावरचं चित्रही आडवं होतं. फोन उलटा केला की पाठीवरही एक सरकती झडप. ती बाजूला केली की कॅमेरा जागा होतो. म्हणजे बोलायची दिशा वेगळी, गाण्याची वेगळी, बघायची वेगळी. फोन कोणत्या कामात आहे हे न बघता, नुसत्या हाताला कळायचं. खिशातल्या खिशात, अंधारात, कंटाळवाण्या सभेत मांडीवर. ही सोय ज्यानं योजली त्या माणसाला माझा नमस्कार.

या हालचालीतली खरी मजा मधल्या बिंदूत आहे. चांगल्या स्लायडरात अर्ध्या वाटेपर्यंत अंगठा ढकलतो, स्प्रिंग त्याला विरोध करते. मध्य ओलांडला की तीच स्प्रिंग बाजू बदलते आणि उरलेली वाट स्वतः पार करते. शेवटी टक् असा आवाज. फोनला मध्येच लटकत राहायची मुभा नाही. एक तर उघडा, नाही तर मिटलेला. आपण निर्णय अर्धाच घ्यायचा, उरलेला फोन घेणार. माणसांत अशी स्प्रिंग असती तर पुष्कळ लग्नं आणि पुष्कळ राजीनामे वेळेत झाले असते.

बहुतेक स्लायडर उघडले की फोन उचलला जायचा आणि मिटले की बोलणं संपायचं. यातून एक अभिनयही जन्माला आला. साधं लाल बटण रागानं दाबलं तर कुणाला काय कळणार? स्लायडर खाडकन मिटता यायचा. पलीकडच्या माणसाला ते ऐकू जात नव्हतंच, पण खोलीतल्या सगळ्यांना जायचं, आणि राग बहुतेक वेळा त्यांच्यासाठीच असतो.

स्लायडरचा प्राण दोन थरांमधल्या पट्टीत असतो. कळा खाली, पडदा वर. दोघांमधला व्यवहार तांब्याच्या बारीक रेघा असलेल्या, कागदाइतक्या पातळ पट्टीतून चालतो. दुकानात तिला फ्लेक्स म्हणतात, कुणी स्ट्रिप म्हणतं. फोन उघडला की ती एकीकडे वळते, मिटला की दुसरीकडे. हजारो वेळा वळल्यावर एखादी रेघ तुटते, आणि मग मिटलेल्या फोनचा पडदा नीट दिसतो, उघडला की पांढराफटक. बुधवार पेठेत तापकीर गल्लीत मी बॅटरी शोधत होतो, तेव्हा एका गाळ्यात केस पांढरे झालेले कारागीर बसले होते. मी फोन पुढे केला तशी त्यांनी समोरचा नवा चकचकीत फोन बाजूला सारला.

'याची स्ट्रिप बदलायची म्हणजे आधी पंखा बंद,' ते म्हणाले. 'स्क्रू एवढाले, आणि स्प्रिंग उडाली की संपलं. एप्रिल-मेमध्ये घामाच्या धारा लागायच्या साहेब. आणि गिऱ्हाईक म्हणणार, एवढ्याशा पट्टीचे एवढे पैसे?'

बोलता बोलता त्यांनी फोन कानाजवळ नेऊन उघडला, मिटला. डॉक्टर पाठीवर बोटं वाजवतात त्या गांभीर्यानं. 'चालेल अजून,' म्हणाले, आणि बीएल-५एफ बॅटरी काढून दिली.

बॅटरीचं नाव निघालंच आहे तर ते दुखणं उरकून घेऊ. ९५० एमएएच. आजच्या साध्या फोनात याच्या पाचपट असते. पडदा २.६ इंचांचाच, पण त्याच्यामागे कॅमेरा, वायफाय, जीपीएस, स्टिरिओ स्पीकर एवढं बिऱ्हाड. ९५० त्याला कसं पुरणार? तेव्हा एन९५ बाळगणाऱ्या माणसाच्या बॅगेत बारीक पिनेचा चार्जर असायचाच, कारण यूएसबीच्या तारेनं हा फोन चार्ज होत नाही. त्या तारेनं फक्त फोटो उतरवायचे. मोजकी १२० ग्रॅम वजनाची, पण २१ मिलिमीटर जाडीची ही वस्तू पँटच्या खिशात ठेवली की लोक विचारायचे, खिशात काय आहे? विचारावं अशीच बाळगणाऱ्याचीही इच्छा असायची.

कॅमेऱ्याबद्दल मात्र मी हात आखडता घेणार नाही. ५ मेगापिक्सेल, कार्ल झाइसचं भिंग, त्यावर टेसार हे नाव. टेसारची मूळ रचना पाउल रुडॉल्फची, १९०२ सालची. आणि नोकियाची ती जगभर वाजलेली धून फ्रान्सिस्को तारेगा या स्पॅनिश गिटारवादकाच्या 'ग्रान वाल्स'मधली, तीही १९०२चीच. एक माणूस जर्मनीत काचा जुळवतोय, दुसरा स्पेनमध्ये तारा छेडतोय, आणि शंभर वर्षांनी दोघांची कमाई फिनलंडच्या एका फोनात एकत्र नांदतेय. या योगायोगाला काही अर्थ नाही. पण तो कळल्यापासून फोन वाजला की मी उचलायला थोडा उशीर करतो.

फोन आडवा धरायचा, उजव्या हाताच्या तर्जनीखाली खरी कळ येते. अर्धी दाबली की भिंग जुळतं, पूर्ण दाबली की फोटो. या पावसाळ्यात सिंहगडाच्या वाटेवर काढलेले फोटो घरी मोठ्या पडद्यावर बघितले. आकाश राखाडी होतं ते राखाडीच आलं आहे. करवंदीच्या जाळीतली सावली काळीच राहिली आहे. तिच्यात काय असेल याचा अंदाज फोननं आपल्या मनानं भरलेला नाही. बायकोनं माझा काढलेला फोटो मला आवडला नाही, पण त्यात कॅमेऱ्याचा दोष शोधणं अन्यायाचं होईल. रात्रीचं विचारू नका. दोन हातांवरचा चेहरा उजळतो, मागचं घर अंधारात बुडतं.

३जीची कथा थोडी करुण, थोडी विनोदी. हा फोन वेगवान ३जी घेऊन आला, तेव्हा आपल्याकडे ते सुरूच झालेलं नव्हतं. एमटीएनएलनं २००८च्या अखेरीस दिल्लीत सुरुवात केली, खासगी कंपन्यांसाठीचा लिलाव झाला २०१०मध्ये. तोवर हजारो एन९५ पोटात ही विद्या घेऊन साध्या जीपीआरएसवर रांगत होते. आता त्याच खासगी कंपन्यांनी ३जी गुंडाळत आणलं आहे, आणि २जी अजून टिकून आहे. म्हणजे या फोनची जी बाजू तेव्हा जुनी म्हणून हिणवली जायची, तिच्याच जोरावर तो आज बोलतो. चिमुकल्या सिमकार्डाला प्लास्टिकची चौकट लावून मी ते आत बसवलं आणि आतेभावालाच फोन लावला. आवाज स्वच्छ. इंटरनेट मात्र बंदच समजा. आजच्या संकेतस्थळांचे सुरक्षेचे करार त्याच्या ब्राउझरला वाचता येत नाहीत. व्हॉट्सअ‍ॅपनं या जातीच्या फोनांना २०१७मध्ये रामराम केला.

उरला एसएमएस. आकड्यांच्या कळांवर अंगठ्यानं टाइप करायला बसलो, तर अंगठ्याला सगळं आठवत होतं, डोक्याला नव्हतं. रोमन लिपीत एका संदेशात १६० अक्षरं मावायची. देवनागरीत लिहिलं की मर्यादा एकदम ७०वर यायची, आणि काना, मात्रा, वेलांटी प्रत्येकीची वेगळी मोजणी. स्वस्तातल्या नोकियांच्या कळांवर देवनागरी अक्षरं छापलेली असत, तरी एका पूर्ण पिढीनं आपलं प्रेम, भांडण, उसनवारी आणि सांत्वन रोमन लिपीतल्या मराठीत केलं, यात आळसाइतकाच हिशेबही होता. सणासुदीला एसएमएसची सवलत बंद व्हायची, म्हणून दिवाळीच्या शुभेच्छा धनत्रयोदशीच्याही आधी येऊन पडायच्या.

आता ज्याचं नाव टाळत होतो त्याच्याकडे वळतो. जानेवारी २००७मध्ये, म्हणजे एन९५ दुकानांत यायच्या आधीच, अ‍ॅपलनं पहिला आयफोन दाखवला. कागदावर तुलना केली तर एन९५नं त्याला धोबीपछाड द्यायला हवा होता. आयफोनचा कॅमेरा २ मेगापिक्सेलचा, त्यात व्हिडिओ नाही. ३जी नाही, जीपीएस नाही, मेमरी कार्ड नाही. एन९५मध्ये हे सगळं होतं, शिवाय टीव्हीला जोडायची तार डब्यातच. नोकियाच्या लोकांनी ही यादी बघून सुस्कारा सोडला असेल, तर मी त्यांना हसणार नाही. मीही तीच यादी बघून आतेभावाच्या बाजूनं तावातावानं भांडलो होतो.

पण आयफोनमध्ये सरकत काय होतं? फोन नव्हे, पडद्यावरचं चित्र. बोट वर गेलं की यादी वर जाते, बोट सुटलं तरी थोडी पुढे घरंगळते. सरकण्याचं सगळं सुख त्यांनी उचललं आणि त्यातून बिजागरी, स्प्रिंग, पट्टी, झीज सगळं वजा केलं. कारागिरांना पंखा बंद करायची गरज राहिली नाही. हा व्यवहार फायद्याचाच होता, आणि आज मला पुन्हा एन९५ घेऊन ऑफिसला जायला सांगितलं तर मी जाणार नाही. फक्त त्या वजाबाकीत टक् हा आवाजही गेला. स्लायडरच्या वाटेला दोन टोकं होती. अंगठा तिथे आदळायचा आणि थांबायचा. चित्राच्या वाटेलाही सुरुवातीला टोक होतं, यादी संपली की ती रबरासारखी उसळून मागे यायची. पुढे ते टोकही काढून टाकलं गेलं. खाली जावं तितकं नवं येतच राहतं, आणि रात्री साडेअकराला अंगठा कुठल्याशा अनोळखी माणसाच्या स्वयंपाकघरात फिरत असतो. तिथे स्प्रिंग बाजू बदलत नाही.

जीपीएसचं सांगायचं राहिलं. गच्चीवर फोन आकाशाकडे धरून उभं राहायचं. कपडे वाळत घालणारे शेजारी बघतात, बघू द्यायचं. बऱ्याच वेळानं उपग्रह सापडतात आणि आकडे उमटतात: १८.५ उत्तर, ७३.८ पूर्व. नकाशा काही आला नाही, पण आपण पुण्यातच आहोत याची खात्री पटली.

शिफारस करायची तर अशी. जुन्या बाजारात एन९५ दिसला आणि मोह झाला, तर आधी किंमत विचारू नका. चालू करून घ्या, आणि पडदा चालू असतानाच वर-खाली हळूहळू सरकवून बघा. मध्ये कुठे लुकलुकला तर पट्टी गेली, ठेवून द्या. पाठीवरची झडप उघडली की कॅमेरा जागा होतो का ते बघा. भिंगावर झडप नसलेला तुकतुकीत काळा फोन निघाला तर तो नंतरचा ८ जीबीवाला. त्याचा पडदा २.८ इंचांचा, बॅटरी १२०० एमएएचची, म्हणजे वापरायला तो जास्त बरा. पण पाठीवर सरकवायला काही नाही. माझं मत पहिल्याला. विकणारा 'फॉरेनचा पीस आहे' म्हणेल; मान डोलवा आणि निम्म्यापासून सुरू करा. चार्जर मागून घ्या, बारीक पिनेचा. तो विसरलात तर पुढचा रविवार पुन्हा तिथेच जाईल.