कुऱ्हाडीच्या दांड्याला वार्निश नसतं

आमच्या वसमतला हळदीचा हंगाम सुरू झाला की कोण कुठे कामाला आहे हे विचारावं लागत नाही. हात बघितले की कळतं. हमाल असो, मुनीम असो, पॉलिशच्या ढोलाजवळ काम करणारी बाई असो, सगळ्यांच्या नखांच्या कडा पिवळ्या. माझा भाचा दोन वर्षांपासून मोंढ्यात एका आडत्याकडे काटापट्ट्या लिहितो. त्याचेही हात तसेच. त्या हातांचा रंग एका लाकडाला लागला आणि त्यातून आमच्या घरात जे झालं, ते सांगावंसं वाटतं.

भाचा पुण्याला डिप्लोमा करत होता. मेहुण्यांचा इंतकाल झाला तेव्हा तो दुसऱ्या वर्षाला होता. शिक्षण अर्ध्यावर सोडून परत आला. सोबत कपड्यांची एक बॅग आणि होस्टेलमधल्या एका मोठ्या मुलाकडून नऊ हजारांना घेतलेली जुनी इलेक्ट्रिक गिटार. बाजी आणि तिची मुलं तेव्हापासून अब्बांच्याच घरी राहतात. अब्बा नमाजी, कडक. तारांचं वाद्य घरात नको म्हणाले. मुलानं उलट उत्तर दिलं नाही, पण गिटार टाकूनही दिली नाही. इशानंतर गच्चीवर जाऊन तो वायर न जोडताच वाजवायचा. वायर नसली की या गिटारीचा आवाज शेजारच्या खोलीतही नीट जात नाही. अब्बांना सगळं माहीत होतं. ते बोलत नव्हते. गिटारीबद्दल नाही आणि हळूहळू मुलाशीही नाही.

संगीत जायज की नाजायज यावर आपल्या घराघरांत वाद होतो. मी उर्दू शाळेत मराठी शिकवणारी बाई, तो वाद मिटवण्याइतका माझा अभ्यास नाही. मला चिंता वेगळी होती. बाप गेलेला मुलगा आणि आजोबा एका छताखाली राहून एकमेकांशी बोलत नाहीत, ही गोष्ट बाजीला आतून खात होती.

यंदा भाचीला नर्सिंगला प्रवेश मिळाला. फीचा पहिला हप्ता भरायचा होता. भाच्यानं स्वतःहूनच गिटार विकायला काढली. नांदेडचा एक कॉलेजचा मुलगा घ्यायला तयार झाला.

आता थोडं त्या गिटारीबद्दल. तिच्या लांब भागाला मुलं ‘नेक’ म्हणतात. सतारीला आपण दांडी म्हणतो, तोच भाग. ही दांडी मेपल नावाच्या लाकडाची. मेपल उत्तर अमेरिकेतलं झाड, त्याच्याच एका जातीच्या रसापासून ते लोक गोड पाक करतात. काश्मीरच्या चिनारचं पान मेपलसारखं दिसतं म्हणून काही जण दोन्ही एकच समजतात, पण ती वेगळी झाडं. मेपलचं लाकूड पांढुरकं, घट्ट, बारीक रेषांचं. पुढे जिथे बोटं दाबतात ती पट्टी मात्र काळपट, आपल्याच शिसमाची. हिंदुस्थानचं शिसम जगभरच्या गिटारींना लागतं.

दांडीवर कारखान्यातून चकचकीत वार्निश येतं. घामेजल्या हाताला ते चिकटतं, अंगठा सरकत नाही, म्हणून काही वाजवणारे मागच्या बाजूचं वार्निश काचपेपरनं काढून टाकतात आणि उघड्या लाकडावर वाजवतात. एडी व्हॅन हेलन या अमेरिकेतल्या नामांकित गिटारवादकालाही उघडी मेपलची दांडीच आवडायची. पुण्याच्या त्या मुलानंही तेच केलेलं होतं. हाताला छान लागतं, पण उघडं लाकूड सगळं पितं. घाम, तेल, धूळ. पांढरं मेपल तर लगेच करडं दिसायला लागतं. आमच्याकडे त्यात हळद. दोन हंगामांत अंगठा फिरतो तेवढा पट्टा पिवळाजर्द झाला.

गिऱ्हाईक येणार म्हणून भाच्यानं आदल्या रात्री तो पट्टा कपडे धुण्याच्या साबणानं घासला. सकाळी बाजीचा फोन आला, लाकडातून रक्त आल्यासारखं दिसतंय म्हणाली. मला हसूही आलं आणि वाईटही वाटलं. शाळेत मुलं हळदीचा कागद करून त्यावर साबणाचं पाणी टाकतात, कागद लाल होतो. साबण अल्कधर्मी, हळद त्यात रंग बदलते. इतकं साधं आहे. पण नांदेडच्या मुलाला ते कोण समजावणार? दांडी सडली आहे म्हणाला, तीन हजार देतो म्हणाला. भाच्यानं दिली नाही.

मी दुपारी गेले तेव्हा गिटार अंगणातल्या बाजेवर पडलेली होती. लिंबाच्या पाण्यात कपडा बुडवून, घट्ट पिळून मी लाल पट्ट्यावरून फिरवला. लाल गेला, पिवळा परत आला. मग साध्या ओल्या कपड्यानं पुसून लगेच कोरडं केलं. एवढं माझं शास्त्र. पुढे काय, ते मला येत नव्हतं आणि ज्यांना येत होतं ते आत तसबीह घेऊन बसले होते.

अब्बा सुतार. पन्नास वर्षं त्यांनी तिफणी, वखर, बैलगाडीचे जू, दारं, खिडक्या केल्या. एका फळीतून, कुठेही सांधा किंवा खिळा न ठेवता, उघडझाप होणारी रेहल ते करायचे. आता हात थरथरतात. अस्रनंतर ते बाहेर आले, बाजेजवळ थांबले आणि लाकडाकडे बघत म्हणाले, “लकडी कू साबून कौन लगाया?”

कुणी बोललं नाही. ते बसले. दांडीवर उलटा हात फिरवला, नखानं टोचून बघितलं, वास घेतला. हे कुठलं लाकूड, त्यांनी थेट भाच्याला विचारलं. किती महिन्यांनी! भाच्यानं सांगितलं, वार्निश का काढलं तेही सांगितलं. मला वाटलं आता चिडतील. अब्बा म्हणाले (घरात ते दखनीच बोलतात, मी मराठीत लिहिते), “बरोबर केलं. कुऱ्हाडीच्या दांड्याला कुणी वार्निश लावतं का? हाताला फोड येतील.”

खरंच, मी कधी विचार केला नव्हता. कुदळ, विळा, फावडं, कशाच्याच मुठीला वार्निश नसतं. जिथे हात सारखा घासतो तिथे शेतकरी उघडं लाकूड ठेवतो आणि हातच त्याला पॉलिश करतो.

दुसऱ्या दिवसापासून काम सुरू झालं. इलेक्ट्रिक गिटारीची दांडी बहुधा मागून चार स्क्रूंनी बसवलेली असते. तारा सैल करून काढल्या, स्क्रू काढले, दांडी वेगळी झाली. हे बरंच झालं, कारण धडात तारांखाली चुंबक असतात आणि घासकामाचा लोखंडी कीस तिथे चिकटून बसतो. आधी टर्पेन्टाइनचा किंचित हात दिलेल्या कपड्यानं तेलकट काळपट थर काढला, उघड्यावर, चुलीपासून लांब. कपडा काळा होईल तसा बदलत गेले. मग हळद. ती पाण्याला दाद देत नाही, पण उन्हापुढे टिकत नाही, हे आपल्या प्रत्येक घरातल्या बाईला माहीत आहे. दुपट्ट्यावरचा डाग आपण उन्हातच घालवतो. वैशाखाच्या दुपारी मात्र लाकूड तडकलं असतं, म्हणून फक्त सकाळचं कोवळं ऊन, वीस-पंचवीस मिनिटं. ते जास्त दिवस करण्यातही अर्थ नाही, कारण मेपल स्वतःच उजेडानं हळूहळू पिवळसर होतं. पाच सकाळी झाल्या आणि पट्टा एवढा फिकट झाला की शोधावा लागत होता.

घासायला बारीक काचपेपर, आधी 400 नंबर, मग 600. रेषेच्या दिशेनं. ओल्या कपड्यानं लाकडाची लव उभी राहते, ती वाळू द्यायची आणि मग हलक्या हातानं काढायची. हे अब्बांनी एकदा करून दाखवलं आणि पेपर भाच्याच्या हातात दिला. त्यांचा हात थरथरत होता, ते दोघांनीही बघितलं. त्यावर कुणी काही बोललं नाही.

मधल्या एका संध्याकाळी मी त्यांना मिरजेचं सांगितलं. नणंदेच्या सासरी लग्नाला गेले होते तेव्हा तिथली सतारमेकरांची दुकानं बघितली होती. ते मूळचे शिकलगार, तलवारींना धार लावणारे. हत्यारांचं काम घटलं, तेव्हा एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेब आणि त्यांच्या घरच्यांनी तंतुवाद्यं करायला घेतली. तूनचं लाकूड, पंढरपूरकडचे मोठे भोपळे, वर स्पिरिटात विरघळवलेल्या लाखेचं पॉलिश. पिढ्यान्पिढ्या आपलीच माणसं हे करत आली. उस्ताद अब्दुल करीम खां मिरजेलाच राहिले, 1937 मध्ये वारले आणि मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच वर्षी आमच्या वसमतच्या हळदीलाही. अब्बांनी सगळं ऐकलं. मग विचारलं, “तूनला वाळवी लागत नाही का?” त्यांना तेवढंच महत्त्वाचं वाटलं. मला ते आवडलं.

तेलावरून मात्र घरात मोठी चर्चा झाली. बाजी म्हणाली खोबरेल लावा. अब्बांनी हात वर केला. खोबरेल आणि शेंगदाण्याचं तेल लाकडात कधीच वाळत नाही, चिकट राहतं, धूळ धरतं, खवट होतं. लाकडाला असं तेल हवं जे हवेत घट्ट होतं. आपल्या मराठवाड्यातलं जवस तसं आहे. पण घाणीवरचं कच्चं जवसाचं तेल वाळायला आठवडे घेतं, म्हणून रंगाच्या दुकानातलं डबल बॉइल्ड. अगदी थेंब-थेंब. लावायचं, दहा मिनिटांनी सगळं पुसून घ्यायचं, एक दिवस थांबायचं, पुन्हा एकदा. मेपल घट्ट असल्यामुळे जास्त पीतही नाही. शेवटी मधमाशीच्या मेणाचा पातळ हात आणि सुती कपड्यानं घासणं.

इथे एक गोष्ट भगिनींसाठी मुद्दाम लिहिते. जवसाच्या तेलाचे बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता धरतं आणि गोळा केलेल्या चिंध्या आपोआप पेट घेऊ शकतात. अब्बांनी प्रत्येक चिंधी पाण्याच्या बादलीत टाकायला लावली. घरात दारांना तेलपाणी करतानाही हे लक्षात ठेवा.

उघड्या दांडीला हवामानाचाही जाच होतो. आमच्याकडे मे महिन्यात कोरडी आग, जुलैत दमट. लाकूड आखडतं, फुगतं. उन्हाळ्यात दांडीच्या कडेला धातूच्या पट्ट्यांची टोकं बोटाला बोचायला लागतात, ती पट्टी वाढली म्हणून नाही, लाकूड आटलं म्हणून. तारांचा ताण चाळीस-पन्नास किलोंच्या घरात असतो, त्याला तोंड द्यायला दांडीच्या पोटात पोलादी सळई असते. ती अब्बांनी हात न लावता सोडली. ज्याचं काम त्यानं करावं, म्हणाले. कूलरच्या झोतासमोर गिटार ठेवायची नाही, एवढं मी माझ्या मनानं सांगितलं.

नांदेडच्या त्याच मुलाला पुन्हा फोन केला. यायला तयार नव्हता, फोटो पाठवल्यावर आला. अब्बा ओट्यावर बसलेले. त्यानं दांडी बघितली, अंगठा वरखाली फिरवला, मग तारा जुळवून थोडं वाजवलं. अब्बा उठून आत गेले नाहीत. साडेसात हजार ठरले. निघताना अब्बांनी त्याला बजावलं: वाजवण्याआधी हात धुवायचे, झाल्यावर कोरड्या कपड्यानं पुसायचं, पावसाळ्याच्या आधी आणि नंतर मेण, खोबरेल कधीच नाही. उरलेल्या मेणाची डबीही दिली. पोरगा गोंधळला, डबी खिशात टाकून गेला.

सोमवारी भाचीचा हप्ता भरला. भाचा रात्री गच्चीवर गेला, थोडा वेळ बसला, खाली आला. दोन-चार दिवस तो फार गप्प होता आणि बाजी त्याला काही विचारायची नाही. शुक्रवारी मोंढा बंद असताना मी गेले, तर तो ओट्यावर अब्बांजवळ काचपेपर घेऊन बसलेला. बाजूच्या शेतकऱ्याच्या वखराचं रुमणं नवीन करायचं होतं. बाभळीचं लाकूड, अजून खरबरीत. अब्बा म्हणत होते, रेषेनं घास, रेषेनं.