घाटातला पळस

रामलिंगच्या घाटात पळस फुलायला लागलाय! माघ सरतोय, ओढा आटलाय, झाडं निम्मी उघडी. काळसर मखमली कळ्यांतून केशरी चोची डोकावतायत. काटेसावरीवर साळुंक्यांची भांडणं (नेहमीचीच).

हे अभयारण्य १९९७ सालचं, जेमतेम २२ चौरस किलोमीटर. एवढ्याशा रानात डिसेंबर २०२४ मध्ये पार यवतमाळकडच्या टिपेश्वरहून वाघ आला. नातवंडांना त्याचंच कौतुक. मलाही आहे. पण ओळखीच्या एका गुराख्याचं पोरगं तेव्हापासून घाटाच्या कडेला गुरं नेत नाही. मी सरकारी भरपाईचं सांगितलं. तर म्हणाला, "गुरुजी, गाईचं पैसं मिळतील हो... पोराला एकलं कसं धाडू?"

मला काही उत्तर सुचलं नाही.