त्यांना म्हणू दे

तपासणीच्या कागदावर तिनं तीन फुल्या मारल्या होत्या. करवीर तालुक्यातल्या एका खेड्यातला चार वर्षांचा पोरगा ‘पाणी’ला ‘पानी’, ‘कोण’ला ‘कोन’ आणि ‘गूळ’ला ‘गूल’ म्हणाला होता. ती वाचाउपचाराच्या एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला, पुण्यात वाढलेली. राजारामपुरीत माझ्याकडं महिनाभर प्रॅक्टिकलला आली होती. म्हटलं, “आधी त्याच्या आईशी दोन मिनिटं बोलून ये.”

आई म्हणाली, “लई तरास देतंय वो. सकाळधरनं पानी पन पिलं न्हाई, नुसता गूळ खाऊन बसलंय.”

परत येऊन मुलीनं पहिल्या दोन फुल्या खोडल्या. घरात जो आवाज नाहीच, तो पोरानं कुठून आणायचा? तिसरी फुली राहिली, कारण आईचा ‘ळ’ स्वच्छ होता. त्यावर आम्ही बराच वेळ बोललो. जिभेचं टोक मागं वळवून टाळूला लावायचं न् झटकन सोडायचं. मुलांना हे उशिरा जमतं. चार वर्षांच्या पोराच्या बाबतीत थोडं थांबायचं. पण लक्ष ठेवायचं. रंकाळा, पन्हाळा, मिसळ, इथं ‘ळ’वाचून एक दिवस जात नाही.

मीही शिकताना एका बाईंच्या बोलण्यात दोष लिहिला होता. तो त्यांच्या गावचा हेल होता. त्यांचा उतरलेला चेहरा अजून आठवतो. म्हैसूरची वाक्-श्रवण संस्था 1965ची, वांद्र्याची अली यावर जंग संस्था 1983ची; एवढ्या वर्षांत कितीतरी जण या कामात तयार झाले. पण आमचं शिक्षण इंग्रजीतून आणि चाचण्यांमधली मराठी छापील. गावचं बोलणं कानात भरायचं काम ज्याचं त्यालाच करावं लागतं.

पुढच्या आठवड्यात एक मामा आले. चाळीस वर्षं गुऱ्हाळावर गूळ शिजवायचं, गुळव्याचं काम केलेले. मेंदूच्या डाव्या बाजूला झटका येऊन उजवा हात लुळा पडला होता, बोलणंही गेलं होतं. समजत सगळं होतं. मुलीनं विमान, सफरचंद, छत्री अशी चित्रं मांडली. मामा गप्प. मग तिनं सहज म्हटलं, “जोतिबाच्या नावानं...”

“चांगभलं!” मामा खणखणीत म्हणाले. मामींनी डोळ्यांना पदर लावला. मुलगी हरखून ‘बोलू लागले’ असं लिहायला निघाली, तिला मी थांबवलं. जन्मभर तोंडात बसलेलं बोलणं, आकडे, शिव्या, देवाचं नाव, पुष्कळदा वाचाघातातही टिकून राहतं. हवा तो शब्द शोधून काढणं ही वेगळी गोष्ट.

डिसेंबर होता, गुऱ्हाळं चालू होती. रविवारी ती एका गुऱ्हाळावर गेली आणि चुलवाण, काहील, मळी, ढेप यांचे फोटो काढून आली. सोमवारी मामांनी डावा हात काहिलीच्या फोटोवर ठेवला.

“का...”

पुढं काही येईना. ओठ हलत होते. मुलगी हातातली पेन्सिल खाली ठेवून नुसती बसून राहिली. मामींना राहवेना, त्यांनी तोंड उघडलं.

“मामी, जरा थांबा,” ती हळूच म्हणाली. “त्यांना म्हणू दे.”