कावडीचे फोटो आणि उघडी यादी

श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी अकोल्याचं जुने शहर झोपत नाही. गांधीग्रामहून पूर्णा नदीचं पाणी खांद्यावर घेऊन कावडी सुमारे १८ किलोमीटर चालत येतात आणि राजराजेश्वराला जलाभिषेक होतो. आमच्या मंडळाचे या यात्रेचे फोटो वर्षानुवर्षं पेनड्राइव्ह, सीडी आणि पोरांच्या मोबाइलमध्ये विखुरलेले होते. ते एका संगणकावर आणून कार्यालयाच्या वायफायवरून सगळ्यांना पाहता यावेत, हे काम माझ्याकडे आलं.

त्यासाठी वेबसाइट बांधायची गरज नव्हती. झॅम्प या सॉफ्टवेअरसोबत येणारा अपाचे वेब सर्व्हर फोल्डरची यादी आपोआप करून देतो. फोल्डरचा पत्ता उघडला, की तो आधी 'इंडेक्स डॉट एचटीएमएल'सारख्या ठरलेल्या नावाची फाइल शोधतो. ती नसेल आणि सर्व्हरच्या सेटिंगमधल्या 'ऑप्शन्स'मध्ये 'इंडेक्सेस' चालू असेल, तर आतल्या फाइलींची नावं, तारखा आणि आकार समोर मांडतो. 'इंडेक्सेस' बंद असेल, तर ४०३ चा नकार मिळतो.

यादी दिसली आणि लगेच मंडळातला एक पोरगा म्हणाला, "दादा, नावं तं अर्धीच दिसून राह्यली. कोन्या सालचा फोटो हाय, काई समजतच नाही!"

त्याचं म्हणणं खरं होतं. 'गांधीग्राम-पहाटे-२०१६' आणि 'गांधीग्राम-पहाटे-२०१७' ही दोन्ही नावं 'गांधीग'पाशीच तुटत होती आणि पुढे एक खुणेचा चौकोन येत होता. अपाचेच्या यादीत नावाचा रकाना मुळात २३ बाइटांचा असतो. नाव त्याहून लांब असलं, की २० बाइट ठेवून पुढे ठिपके लावले जातात. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो. देवनागरीत मात्र प्रत्येक अक्षरचिन्हाला, म्हणजे काना, वेलांटी आणि अनुस्वारालाही, तीन बाइट लागतात. त्यामुळे सहा चिन्हं कशीबशी बसतात आणि सातवं मधूनच कापलं जातं. 'इंडेक्सऑप्शन्स'मध्ये 'नेमविड्थ'पुढे तारांकन दिलं आणि रकाना सर्वांत लांब नावाएवढा झाला. साल, ठिकाण, सगळं वाचता येऊ लागलं. 'फोल्डर्सफर्स्ट'ने वर्षांचे फोल्डर वर आले. 'हेडरनेम'ने यादीच्या माथ्यावर चार ओळी आल्या: कोणत्या फोल्डरमध्ये गांधीग्राम, कोणत्यात वाटेवरचे फोटो आणि कोणत्यात भरणे, म्हणजे कावडीवरचे पाण्याचे घडे. आपल्या आजोबांनी वाहिलेली कावड ज्याला पाहायची, त्याला आता कुणाला विचारावं लागत नाही.

त्याच संगणकावर वर्गणीच्या पावत्या आणि स्वयंसेवकांच्या आधारकार्डांच्या प्रतीही होत्या. "'इंडेक्सइग्नोर' लावून त्या यादीतून लपवून टाका," असं एका जाणकाराने सुचवलं. मी ते मान्य केलं नाही. 'इंडेक्सइग्नोर' नाव फक्त यादीतून काढतं; पूर्ण पत्ता माहीत असणाऱ्याला ती फाइल तरीही उघडता येते. 'इंडेक्सेस' बंद केल्यानेही तेवढंच साधतं: यादी जाते, फाइल तिथेच राहते. म्हणून त्या कागदांचा फोल्डर मी 'एचटीडॉक्स'च्या, म्हणजे सर्व्हर ज्यातून फाइली देतो त्या फोल्डरच्या, बाहेरच नेला. सर्व्हरला जे दिसत नाही, ते तो कुणाला देऊ शकत नाही.

हा हट्ट मला एका अनुभवाने लावला. एका संस्थेच्या संकेतस्थळावर एक अर्ज शोधताना मी पत्त्यातलं शेवटचं नाव खोडलं आणि समोर अर्जदारांच्या आधार आणि बँक पासबुकांच्या प्रतींची आख्खी यादी उभी राहिली. कुणी कुलूप तोडलं नव्हतं; यादी चालूच ठेवलेली होती. मी कळवल्यावर ती बंद झाली, पण तोवर ती किती जणांनी पाहिली असेल, या विचाराने आजही अस्वस्थ होतो. अशी पानं गुगलवर शोधणाऱ्यालाही सहज सापडतात, कारण त्यांच्या माथ्यावर 'इंडेक्स ऑफ' हे ठरलेलं शीर्षक असतं.

म्हणून सांगतो: यादी मुळापाशी बंद ठेवा आणि जो फोल्डर सगळ्यांसाठी आहे, तेवढ्यापुरतीच ती चालू करा. शाळा, पतसंस्था, मंडळ, कुणाचंही संकेतस्थळ तुमच्या हाती असेल, तर आजच आपल्या पत्त्यातलं शेवटचं नाव खोडून पाहा. जे दिसेल, ते जगालाही दिसतं आहे.