चोवीस कामट्यांचा कंदील

वैशाख पौर्णिमेच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, आम्ही कोलंबोच्या एका अरुंद गल्लीत पावसात सापडलो. २०२४ सालची ही गोष्ट. आमच्या विहारातील अठरा मंडळींनी दोन वर्षे भिशी लावून ही सहल काढली होती. मुंबईहून विमानाने जेमतेम अडीच तासांचा प्रवास. पण बहुतेकांनी विमान आतून प्रथमच पाहिले, त्यामुळे तेवढ्या वेळात कोणी डोळा मिटला नाही.

श्रीलंकेत या सणाला वेसाक म्हणतात. पौर्णिमा आणि तिचा दुसरा दिवस, अशी दोन दिवस सुट्टी. मांसाची आणि दारूची दुकाने बंद. चौकात उंच सांगाडे उभारून त्यांवर जातककथांची चित्रे लावतात आणि भोवती दिव्यांची उघडझाप सुरू असते. त्याला तेथे ‘तोरण’च म्हणतात. रस्त्याच्या कडेला मांडव घालून येणाऱ्याजाणाऱ्याला फुकट जेवू घालतात, त्याला म्हणतात ‘दन्सल’, म्हणजे आपली दानशाला. परमुलखात आलो आहोत असे वाटतच नव्हते. १८८५ साली इंग्रज सरकारने तेथे वेसाकची सुट्टी मान्य केली आणि त्याच वर्षी पंचरंगी धम्मध्वज प्रथम फडकला. १९५० च्या मे महिन्यात बौद्ध परिषदेसाठी परमपूज्य बाबासाहेब याच देशात आले होते. तेव्हा त्याचे नाव सिलोन होते.

गंगारामय विहार पाहिला, बेइरा तलावाकाठची रोषणाई पाहिली. पण वाचकांना सांगायचे आहे ते त्या गल्लीतले.

सर आली तशी एका घराच्या ओट्यावरून धावपळ सुरू झाली. आजी, तिचा मुलगा आणि दोन नातवंडे कागदाचे कंदील उचलून आत नेत होती. पातळ कागद, पाणी लागले की रंग उतरलाच. आम्हीही न विचारता दोन कंदील उचलले आणि त्यांच्यामागोमाग घरात शिरलो. आजींनी हसून चटईकडे बोट दाखवले. चटईवर बांबूच्या कामट्या, दोऱ्याचे रीळ, पतंगाला लागतो तसला रंगीत कागद आणि पातेल्यात पिठाची शिजवलेली खळ. त्या खळीचा वास आला आणि आम्ही एकदम पन्नास-साठ वर्षे मागे, परळच्या चाळीत जाऊन पोहोचलो.

आमचे वडील गिरणीत होते. त्यांच्या हातच्या आकाशकंदिलाला चाळीत तोड नव्हती. १९५६ साली त्यांनी दीक्षा घेतली आणि घरातली दिवाळी थांबली. पण गिरणीच्या पगारात सात तोंडे भागत नव्हती, म्हणून पाळी संपवून रात्री ते कंदील बांधून विकत. कामट्या तासायच्या त्यांनी, दोरा बांधायचा आम्ही भावंडांनी, खळ शिजवायची आईने. झुरळे लागू नयेत म्हणून तिच्यात चिमूटभर मोरचूद पडे आणि मग त्या पातेल्याला हात लावायची आम्हाला बंदी असे. दिवाळीच्या रात्री साऱ्या चाळीच्या गॅलरीत वडिलांच्या हातचे कंदील लटकत आणि आमचे दार तेवढे अंधारे. धाकटी बहीण एकदा रडली. वडील म्हणाले, “बाय, सण आपला नाही. हात आपले आहेत.” तेव्हा त्याचा अर्थ आम्हाला कळला नाही. पुढे गिरण्या बंद पडल्या, वडील गेले आणि त्या घरात पुन्हा कामटी आली नाही. १४ एप्रिलला निळ्या पताका लावतो, त्याही तयार विकतच्या.

आजींचा नातू सांगाडा बांधत होता. सारख्या लांबीच्या चार कामट्यांचा एक चौकोन, असे सहा चौकोन. एक वर, एक खाली, चार बाजूंना; कोपऱ्याला कोपरा बांधलेला. चौकोनांच्या मधोमध आपोआप त्रिकोण तयार होतात. आम्ही पाहतच राहिलो. हा तर वडिलांचाच सांगाडा! चोवीस कामट्या, एकही कमी नाही, जास्त नाही. पोराची गाठ सैल पडत होती. आम्ही हात पुढे केला. दोरा आधी उभा दोन वेढे, मग आडवा दोन वेढे, मग मधून ओढायचा. बोटे काही विसरली नव्हती. आजी आपल्या भाषेत काहीतरी बोलल्या. आमच्या वाटाड्याला थोडी हिंदी येत होती. तो म्हणाला, “अम्मा विचारते, तुमच्याकडेही वेसाकला हे करतात का?”

काय उत्तर द्यावे? आम्ही नुसती मान हलवली, ती होकाराची की नकाराची ते आमचे आम्हालाच कळले नाही.

त्या कंदिलाला तेथे ‘अटपट्टम’ म्हणतात. ‘अट’ म्हणजे आठ. आजींनी नातवाचे बोट धरून त्रिकोण मोजून दाखवले : आठ. आर्य अष्टांगिक मार्गाची ती खूण, असे तेथील लोक मानतात. इतकी वर्षे आम्ही चोवीस कामट्या मोजल्या, आठ त्रिकोण कधी मोजले नव्हते.

परत आल्यावर १२ मे २०२५ च्या पौर्णिमेसाठी घरात कामट्या आणल्या. थोरला मुलगा कुरकुरला, “बाबा, हा दिवाळीचा कंदील. लोक काय म्हणतील?” त्याचे चूक नव्हते, हीच शिकवण आम्ही त्याला दिली होती. आम्ही वाद घातला नाही. नातीला जवळ बसवले आणि आठ त्रिकोण मोजायला लावले. संध्याकाळी शेजारच्या काकूंनी विचारलेच, “मे महिन्यात दिवाळी का हो?” नात म्हणाली, “नाही आजी, बुद्धपौर्णिमा. हा आठ वाटांचा कंदील आहे.” आतून मुलगा स्टूल घेऊन आला आणि कंदील त्यानेच टांगला.

माताभगिनींनो, यात खर्च फारसा नाही. कामट्या बुरुडाकडे मिळतात; वीतभर लांबीच्या चोवीस घ्याव्यात. पतंगाचा कागद निळा, पिवळा, तांबडा, पांढरा आणि केशरी घेतला की धम्मध्वजाचे पाचही रंग होतात. मैद्याची खळ पातळ असावी, नाहीतर कागद सुरकुततो. वरचा चौकोन उघडा ठेवावा, खालच्याला झिरमिळ्या लावाव्यात. आत मेणबत्ती नको. लहानसा एलईडी दिवा लावावा, म्हणजे कागद पेटायची भीती नाही. मुलांच्या गाठी सैल पडतील. त्या लगेच सोडून आपण बांधू नयेत. एकदा दाखवावे आणि पुन्हा त्यांनाच बांधू द्यावे.

वडिलांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या दारासाठी कंदील बांधले. त्यांच्या गाठीचा कंदील आमच्या दारात लागायला एवढी वर्षे जावी लागली. आता तो दर वैशाखात लागेल.