हरकती आणि सूचना

पेपरात आतल्या पानावर बारीक टायपात कधीतरी एक जाहीर सूचना येते. "सर्व संबंधितांस कळविण्यात येते की..." असली. वाचून डुलकी यावी अशी भाषा. पण आपल्या शहराचं काय होणार हे विचारायची कायदेशीर जागा बऱ्याचदा तेवढीच असते. आणि सध्या तीच जागा लोकांना अडगळ वाटायला लागली आहे.

आमच्या ऑफिसात जेवताना हा विषय हमखास निघतो. हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून दीड तास काढून आलेला एक मित्र तावातावाने म्हणतो, "अरे, चीनमध्ये पूल बांधून होतो, तोवर आपल्याकडे नुसत्या सुनावण्या चालू! हे पर्यावरणवाले म्हणजे विकासाला खोडा." त्याचा वैताग मला कळतो. रोज तीन तास क्लच दाबणाऱ्या माणसाला फुलपाखरांची यादी दाखवली तर तो चिडणारच.

पण हाच प्राणी कोड रिव्ह्यू झाल्याशिवाय कुणाची एक ओळ पुढे जाऊ देत नाही. क्लायंट बोंबलत असला तरी रिलीज अडवतो. आणि आमचं चुकलंच तर रात्री बसून पॅच टाकता येतो. नदीपात्रात टाकलेल्या भरावाला पॅच नसतो.

उदाहरण घरचंच घेऊ. सिंहगड रोडची कोंडी फोडायला विठ्ठलवाडीपासून नदीकाठाने वारज्याकडे रस्ता काढायचं महापालिकेने ठरवलं. रस्ता जात होता निळ्या पूररेषेच्या आतून. (निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराचं पाणी पोचतं ती. लाल रेषा म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची.) काम सुरू झालं, भराव पडला, मग काही नागरिक राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात गेले. जुलै २०१३ मध्ये निकाल लागला, की पूररेषेच्या आतला भराव काढा. म्हणजे टाकायला पैसे आपले, काढायला पैसे आपले, आणि मधला वेळ गेला तो वेगळाच. आता सांगा, उशीर कुणामुळे झाला? रेघ कागदावर होती तेव्हाच नीट तपासलं असतं, तर खोडरबरावर भागलं असतं.

पुढे २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि पहाटे एकतानगरीत घरांमध्ये पाणी शिरलं. त्याचं खापर कुठल्या एका कामावर फोडणं बरोबर नाही, पाऊसही तसाच झाला होता. मुद्दा वेगळा आहे. नदीकाठच्या सोसायटीतल्या कुठल्याही काकांना विचारा. पाणी आधी कुठल्या गेटातून येतं, किती क्युसेक सोडले की पार्किंग बुडतं, सगळं तोंडपाठ! ही माहिती कुठल्याच सल्लागाराच्या लॅपटॉपवर नसते. जनसुनावणी म्हणजे ती माहिती फुकटात मिळवायची सोय आहे.

आणि कायदा मागतो तरी किती? पर्यावरण परिणाम मूल्यांकन आपल्याकडे १९९४ च्या अधिसूचनेने सक्तीचं झालं, १९९७ मध्ये त्यात जनसुनावणी आली, आणि मग २००६ ची अधिसूचना आली. तीत सुनावणीआधी किमान ३० दिवसांची नोटीस, अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत, अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा त्यांचे अतिरिक्त जिल्हाधिकारी दर्जाचे प्रतिनिधी, आणि सगळ्याचं व्हिडिओ चित्रीकरण. लोकांना नकाराधिकार नाही. मतदान नाही. प्रकल्पवाल्याने आक्षेपांना उत्तर द्यायचं, बस्स. इमारती आणि टाउनशिपना तर त्यातूनही सूट आहे. म्हणजे आम्ही ज्या काचेच्या आयटी पार्कात बसून जनसुनावणीला नावं ठेवतो, तसली इमारत बांधताना आजूबाजूच्या गावाला "पाणी कुठून आणणार" हे जनसुनावणीत विचारायची सोयच नाही.

तरी २०२० च्या मसुद्यात ३० दिवसांचे २० करायचं घाटत होतं. त्यावर देशभरातून लाखो लोकांनी हरकती पाठवल्या, आणि तो मसुदा जसाच्या तसा काही अंतिम झाला नाही.

आता दुसरी बाजू. पुष्कळ सुनावण्या नाटकी होतात, खरं आहे. अहवाल लिहिणाऱ्या सल्लागाराची फी प्रकल्पवालाच देतो, म्हणजे ज्याने कोड लिहिला त्यानेच टेस्टर निवडायचा! तारखा लांबतात. पुण्याच्या जुन्या हद्दीच्या विकास आराखड्यावर २०१३ मध्ये सुमारे ८७ हजार हरकती-सूचना आल्या, आणि २०१५ मध्ये राज्य सरकारने आराखडा महापालिकेकडून काढूनच घेतला. मित्र म्हणतो, बघ, हेच. मी म्हणतो, एवढ्या लोकांना आपल्या गल्लीचा नकाशा उघडून बघावासा वाटला! सगळ्या हरकती अभ्यासपूर्ण असतील असं नाही. पण टेस्टिंग वाईट होतंय म्हणून कुणी टेस्टिंग बंद करत नाही, टेस्टर वाढवतात. सल्लागार स्वतंत्र नेमा, मुदती पाळा, सगळे कागद वेळेवर नेटवर टाका. हे सगळं करता येण्यासारखं आहे.

गंमत म्हणजे हाच मित्र एप्रिल २०२३ मध्ये वेताळ टेकडी वाचवायच्या मोर्चात होता. बालभारती-पौड फाटा रस्ता त्याच्या रोजच्या फिरायच्या टेकडीवरून जाणार होता ना! तेव्हा त्याला कुणी "विकासविरोधी" म्हटलेलं फारसं रुचलं नाही :-) प्रत्येकाची एक टेकडी असते हो. फक्त कुणाची वारज्याला नदीकाठी असते, कुणाची कोकणात सड्यावर.

असो. हरकत लिहायला वकील लागत नाही. साधा कागद, मुदतीच्या आत, पोच घेऊन. दोनच गोष्टी लिहायच्या: मला काय माहीत आहे, आणि तुमच्या अहवालात ते कुठे दिसत नाही. पोचेवरचा शिक्का मात्र तारखेसकट नीट उमटलाय ना, ते बघून घ्या.