अंधारात राहिलेल्या फोटोस

प्रिय फोटो,

तुझ्यात सळई दिसते, माणूस दिसत नाही. आज रात्रीपासून तुझ्यावर काम सुरू करतोय. हात लावण्याआधी मी काय करणार, कोणत्या क्रमाने करणार आणि कुठे थांबणार, हे तुला सांगायला हवं. तुला उजळ करणं अवघड नाही. सॉफ्टवेअरमधली एक पट्टी उजवीकडे ओढली की काम झालं. पण त्या रात्री शेडमध्ये जे होतं, ते तसं केल्यावर तुझ्यात उरणार नाही.

तू अंधारा का राहिलास, ते आधी. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत भंगार वितळवून बिलेट (लोखंडाच्या चौकोनी कांड्या) ओततात, ती तापवून रोलमधून काढतात आणि घरांच्या स्लॅबमध्ये, कॉलममध्ये जाणारी सळई तयार होते. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण या गावाच्या जुन्या बाजारपेठेची आठवण सांगते. आज मोसंबी, बियाणं आणि सळई यांवरून गाव ओळखलं जातं. भट्टीतून निघालेलं बिलेट 1100 ते 1200 अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. रात्रपाळीला त्या शेडमधला सगळ्यात मोठा दिवा तेच. कॅमेऱ्याचं मीटर समोरच्या उजेडाची सरासरी काढतं आणि ती मध्यम करड्यावर, म्हणजे पडलेल्या उजेडातला 18 टक्के परतवणाऱ्या करड्यावर आणू पाहतं. नारिंगी रेघ समोरून धावत असली की मीटरला वाटतं उजेड फार झाला, आणि ते सगळंच दृश्य खाली ओढतं. मी त्याला अडवलं नाही. लोखंड एकदा पांढरंफटक पडलं की त्यातला रंग कुठल्याही उपायाने परत येत नाही. सावलीतलं बरंच काही परत येतं. म्हणून सळई राखली आणि सांडस धरून उभा असलेला माणूस सावलीत जाऊ दिला.

त्या माणसाचं देणं आता फेडायचं आहे.

पहिली गोष्ट, तुझी मूळ रॉ फाइल, म्हणजे सेन्सरने टिपलेली कच्ची नोंद, दोन वेगळ्या डिस्कवर ठेवली आहे आणि तिला कोणी हात लावणार नाही. सगळे बदल वेगळे नोंदले जातील, केव्हाही पुसता येतील असे. तू रॉ आहेस हे तुझं नशीब. 14 बिटांच्या फाइलमध्ये प्रत्येक रंगाला 16,384 पायऱ्या असतात. पण सेन्सर त्या सारख्या वाटून देत नाही. उजेड दुप्पट किंवा निम्मा झाला की एक स्टॉप. सगळ्यात उजळ स्टॉपला त्यातल्या निम्म्या, 8,192 मिळतात; त्याखालच्याला 4,096, त्याखालच्याला 2,048, असं निम्मं निम्मं होत जातं. तुझ्यातला चेहरा वरून सहाव्या स्टॉपमध्ये बसलाय. तिथे 256 पायऱ्या उरतात. एवढ्यात चेहरा उभा करता येतो. तुला नुसता जेपेग म्हणून साठवलं असतं, तर अख्ख्या चित्रात प्रत्येक रंगाला मिळून 256 पायऱ्या असत्या आणि चेहऱ्याच्या वाट्याला त्यातल्या थोड्याच आल्या असत्या. तीन स्टॉप वर उचलताच गालावर पट्टे पडले असते.

मग काही न करता तुला पाहायचं. हिस्टोग्राम उघडून तिन्ही रंग वेगवेगळे तपासायचे, कारण तुझ्या बाबतीत एकत्र आलेख फसवतो. तो सांगतो, चित्र अंधारं आहे, भरपूर वर जा. लाल रंगाचा आलेख मात्र आधीच उजव्या भिंतीला टेकलाय. सगळं चित्र तीन स्टॉप, म्हणजे आठपट, वर नेलं तर सळईचा नारिंगी आधी पिवळा होईल, मग पांढरा, आणि ट्यूबलाइटसारखी एक निर्जीव पट्टी उरेल. म्हणून एकूण एक्स्पोजर एक स्टॉपच वाढवणार, उजळ भाग तेवढाच मागे खेचणार. उरलेले दोन स्टॉप चेहऱ्याला आणि हातांना वेगळे द्यायचे.

त्याआधी रंगाचा तोल. इथे नेहमीचा उपाय चालणार नाही. पांढरी वस्तू शोधून तिच्यावर टिचकी मारायची, ही सवय तुझ्यात घातक आहे. तापलेल्या लोखंडाचा उजेड रंगतापमानाने सुमारे 1,400 केल्विन असतो. माझ्या सॉफ्टवेअरची पट्टी मुळात 2,000पासून सुरू होते. त्या उजेडाला पांढरं करायचं म्हटलं तरी होणार नाही, आणि ते करायचंही नाही. त्या कामगाराच्या डाव्या गालावर छताच्या दिव्याचा पांढरा उजेड आहे, उजव्यावर लोखंडाचा. दोन्ही गाल एका रंगाचे केले तर तो माणूस फोटो स्टुडिओत उभा असल्यासारखा दिसेल. छताच्या दिव्यापुरता तोल साधायचा आणि उजवा गाल नारिंगी राहू द्यायचा.

यानंतर खरखर, म्हणजे नॉइज. सावली उचलली की तिच्यातली खरखर वर येते, कारण तिथे प्रकाशच थोडा पोचला होता. लाल-हिरवे ठिपके निर्धास्त काढीन, ते शेडमध्ये नव्हते. बारीक काळे-करडे कण बहुतेक राहू देईन. हल्ली एका बटणात खरखर घालवणारी यंत्रबुद्धीची साधनं आहेत, काही फार चांगली आहेत. मीही हलक्या मात्रेत वापरीन. पण चेहरा पडद्यावर शंभर टक्के आकारात पाहिल्याशिवाय त्यांचा निकाल मान्य करणार नाही. माहिती कमी पडली की ती साधनं अंदाजाने भरतात. तिथे नसलेली पापणी काढतात, घामाचा थेंब पुसून गुळगुळीत कातडी देतात. ज्या माणसाने आठ तास भट्टीसमोर घाम गाळलाय, त्याचा घाम कोणी पुसू नये.

आता चेहऱ्याकडे येतो. हे पत्र खरं तर याच्यासाठीच आहे.

आजूबाजूचा काळोख ठेवून चेहराच उजळवायचा हा रस्ता नवा नाही. 1955 साली छायाचित्रकार यूजीन स्मिथ अमेरिकेतल्या पिट्सबर्गमध्ये पोलाद कामगारांचे फोटो काढत होता. त्याच्या प्रिंट इतक्या गडद असत की काळ्यात माणूस हरवेल असं वाटावं. मग तो पोटॅशियम फेरीसायनाइडचं पातळ द्रावण घेऊन कागदावर नेमक्या जागी, डोळ्याजवळ, गालाच्या कडेला लावी आणि तेवढाच भाग उजळवी. आजूबाजूचा काळोख तसाच राही. आपल्याकडे मित्तर बेदींनी मुंबईत कारखान्यांच्या छायाचित्रणाला प्रतिष्ठा मिळवून दिली. यंत्र आणि माणूस एकाच चौकटीत कसे राहतात हे त्यांच्याकडून शिकण्यासारखं आहे. मी तुझ्यावर करणार तो मास्क, म्हणजे निवडलेल्या भागापुरताच बदल, हे स्मिथच्या त्या द्रावणाचंच काम. चेहरा, सांडसाच्या दांड्यावरची बोटं, गळ्यातला ओला गमछा. एवढंच वर येईल, आणि कडा इतक्या मऊ की पाहणाऱ्याला हात फिरल्याचं कळू नये.

किती वर आणायचं, हा प्रश्न आपल्याकडे तंत्रापुरता राहत नाही. लग्नाच्या अल्बमपासून शाळेच्या ओळखपत्रापर्यंत ‘जरा उजळ करा’ ही मागणी प्रत्येक स्टुडिओवाल्याने ऐकलेली असते. बहुतेक जण न सांगताच करून देतात. सावळ्या नवरीला गहूवर्णी करून दिलं की गिऱ्हाईक खूश. रंगीत फिल्मचं मूळही याच बाजूला झुकलेलं होतं: कोडॅक कंपनी प्रयोगशाळांना रंग जुळवण्यासाठी गोऱ्या बाईचं ‘शर्ली कार्ड’ पाठवत असे आणि तिची त्वचा बरोबर आली की रंग बरोबर जुळले असं मानलं जाई. सावळ्या चेहऱ्यांचा तपशील त्या मापात बुडून जायचा. कंपनीने पुढे सुधारणा केली, त्यामागे चॉकलेट आणि लाकडी फर्निचरवाल्यांच्या तक्रारींचाही वाटा होता, असं कंपनीतल्याच लोकांनी नंतर सांगितलं आहे. तपकिरी रंगाच्या छटा कमी दिसतात हे माणसांपेक्षा लाकडाच्या निमित्ताने आधी ऐकलं गेलं, याची मला आजही चीड येते.

तुझ्यातला माणूस सावळा आहे आणि सावळाच राहील. मी सावली उचलणार आहे, कातडीचा रंग बदलणार नाही. हे दोन वेगळे उद्योग आहेत, पण सॉफ्टवेअरमध्ये एकाच पट्टीने होतात, म्हणून लक्ष ठेवावं लागतं. माझी खूण अशी: कपाळावरची चमक, डोळ्यातला ठिपका आणि मिशीखालची सावली तिन्ही वेगवेगळी दिसली की थांबायचं. चेहरा सळईशी उजेडाची स्पर्धा करू लागला तर मी पुढे गेलो, हे समजून अर्धा स्टॉप मागे यायचं. शेडच्या कोपऱ्यातला काळा मात्र पूर्ण काळाच. तो करडा झाला तर तू धुरकट दिसशील.

इथवर आलो की बंद करून झोपायचं. अंधाऱ्या खोलीत रात्री तीन तास पडदा पाहिल्यावर डोळे भलतंच सांगतात. सकाळी खिडकी उघडून, पडद्याचा उजेड कमी करून पुन्हा बघीन.

शार्पनिंग शेवटी, आणि दोन प्रतींना वेगळं. एक प्रत त्या कामगाराच्या फोनवर जाईल. फोटो काढताना त्याने परवानगी दिली होती आणि गावाकडे आईला पाठवायला एक प्रत मागितली होती. ती छोट्या पडद्यासाठी थोडी उजळ आणि ठसठशीत असेल, आणि छापायला जाण्याआधी त्याने ती पाहिलेली असेल. त्याला चेहरा पटला नाही तर मी पुन्हा मास्कवर बसेन. दुसरी प्रत दिवाळी अंकाच्या छापखान्याला. तिथे शाई कागदात पसरते आणि सावल्या पडद्यावर दिसतात त्याहून गडद होतात, साध्या कागदावर तर जास्तच. चार शायांत तो तापलेला नारिंगीही पुरता येत नाही. म्हणून त्या प्रतीत चेहऱ्याचा मास्क पाव स्टॉप अधिक, आणि सळईचा रंग आधीच छपाईच्या आवाक्यात आणलेला. प्रूफ दिवसाच्या उजेडात पाहायचं. चेहरा दबला असेल तर पुन्हा मास्कच वाढवायचा. एकूण एक्स्पोजरला हात लावायचा नाही.

तुझा,
जालन्यातला एक छायाचित्रकार